एका ट्रॅकची फाइल

“गेली ही,” असं म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली, मेलेली पाल ठेवावी तशी. “आता कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला चांगली आहे.”

“आतलं काहीच निघणार नाही?”

“काका, आठवडाभर हिची मनधरणी करतोय. हिच्या मनातच नाही.”

“राहू दे. मी फाइली आधीच काढून ठेवल्यात. सगळ्या. मिडीमध्ये.”

हे त्याने अशा आवाजात सांगितलं की दुकानात उभ्या असलेल्या इतरांनाही ऐकू जावं. सावध माणसाला आपल्या सावधपणाची फार हौस असते. त्याला निदान या एका बाबतीत तरी आपण सावध आहोत असं वाटत होतं.

त्याला सगळे ट्रॅकवाला म्हणत. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तो राही आणि त्याच खोलीत धंदा करी. समारंभांत गाणाऱ्या हौशी लोकांना मागे वाजायला संगीत लागतं. ते त्याच्याकडे फाइल घेऊन येत. तो ती सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करी, स्केल बदली, लय कमीजास्त करी, आणि पुन्हा एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर देई. शिंप्याने पँट आखूड करावी तसलं ते काम. त्याला कुणी कला म्हणत नाही आणि म्हणूही नये.

अशा फाइलला स्टँडर्ड मिडी फाइल म्हणतात. तिच्यात आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोरात दाबली आणि केव्हा सोडली, एवढंच तिच्यात असतं. आवाज असतो तो ती उघडणाऱ्या यंत्राचा. वाजवणारा मेला तर त्याची बोटं जातात, दाब राहतो.

त्याच्या गेलेल्या बहिणीचा, ताईचा, दाब असा एकाच फाइलमध्ये राहिला होता.

खोलीवर येऊन त्याने नव्या कॉम्प्युटरवर ती फाइल इम्पोर्ट केली. ‘सूर सरळ रेषेत बसवू का?’ असं सॉफ्टवेअरने विचारलं, त्याला त्याने नाही म्हटलं. ताईचं मागेपुढे झालेलं तसंच हवं होतं. मग स्क्रीनवर ट्रॅकचे पट्टे उमटायला लागले. पट्टे म्हणजे दोन हवे होते, एक ताईचा आणि एक त्याचा. उमटला एकच.

त्याने फाइल बंद केली, पुन्हा उघडली. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरची उघडली. एकच.

खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला. ट्रॅकवाला खुर्चीवर बसला होता, तो तसाच बसून राहिला, कारण काय झालं हे त्याला लगेच कळलं होतं. एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर विचारतं: सगळं एका ट्रॅकमध्ये घालू, की प्रत्येक ट्रॅक वेगळा ठेवू? स्टेजवरचे स्वस्त कीबोर्ड वेगळे ट्रॅक गिळत नाहीत, म्हणून धंद्यात सगळं एका ट्रॅकमध्येच द्यावं लागतं. वर्षानुवर्षं त्याचं बोट प्रश्न वाचायच्या आधीच तिकडे जाई. एरवी त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक वाद्याचा चॅनल नंबर वेगळा असतो. नंबरावरून गुंता पुन्हा सोडवता येतो. पण ताईच्या वेळी दोन कीबोर्ड होते, दोन वायरी होत्या, आणि दोन्ही कीबोर्ड दुकानातून आले तसेच चॅनल एकवर होते. बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जुन्या सॉफ्टवेअरला वायरीवरून कळायचं, ही बहीण, हा भाऊ. वायर फाइलमध्ये जात नाही. त्याने दोन घागरी एका पिंपात ओतल्या होत्या, आणि घागरी आता दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर फुटून पडल्या होत्या.

दगड असता तर मारून घेतला असता. दगड नव्हता. त्याने चहा केला.

*

फाइल मागितली होती भाचीने.

ताई गेल्यावर भाची दुसऱ्या शहरात निघून गेली, तिथे एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते. फोन करायची ती महिन्या-दोन महिन्यांनी, तोही कर्तव्य उरकल्यासारखा. ट्रॅकवाल्याला दुसरं कुणी फोन करत नसे. गिऱ्हाईकं करत, पण “झालं का?” आणि “कधी देताय?” याला फोन म्हणत नाहीत.

या खेपेला ती म्हणाली होती, “मामा, आईचं वाजवलेलं आहे ना तुझ्याकडे?”

“आहे की. ती ‘घोडा’ धून आहे अख्खी.”

“मला पाठव. फक्त आईचं. मी कीबोर्ड घेतलाय. तिच्याबरोबर बसून वाजवायचंय मला.”

“दोघांचं पाठवतो. एकत्र ऐकायला—”

“तुझं नको,” ती म्हणाली. “तुझं पुष्कळ ऐकलं. लहानपणभर तेच ऐकलं.”

यावर त्याने हसून “बरं बाई” म्हटलं. पण फोन ठेवल्यावर खोलीत बराच वेळ ते दोन शब्द फिरत राहिले. तुझं नको.

पोरीचं चुकत नव्हतं. बहीणभाऊ एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी वाजवत. ताई दिवसभर औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरी आणि संध्याकाळी पोरीला घेऊन हॉटेलात येई. नवरा होता, पण तो कुठे होता हे त्यालाही ठाऊक नसावं. दोन कीबोर्ड शेजारीशेजारी लावलेले. उजवीकडचा याचा, डावीकडचा तिचा. डावीकडच्या कीबोर्डासमोर हॉलचा खांब. मॅनेजर म्हणाला होता, “हसरा चेहरा पुढे ठेवा, ताईंना काय, साथच करायचीय.” साथ हा शब्द मोठा लबाड आहे. ज्याला लावतात त्याचं सगळं तो काढून घेतो आणि वर त्याला शहाणं म्हणतो.

घोडा ही धून ताईने बसवलेली. वेटर लोकांनी ते नाव ठेवलं, कारण शेवटाकडे तिच्यात दौड होती. वरच्या सुरांत अशी भरधाव धावायची की जेवणारे तोंडातला घास तसाच ठेवून बघत. दौड संपली की टाळ्या. टाळ्यांना डोळे नसतात, त्या दिसेल त्याच्याकडे जातात. तो उठून मान लववी. ताई खांबामागे पाणी पिई.

हॉटेलने वाजवणं बंद केलं तेव्हा त्याने दोन्ही कीबोर्ड खोलीवर आणून घोडा एकदा रेकॉर्ड केला. ताई कुरकुरत होती. “शहाण्या, आता हे कोण ऐकणार आहे? मला पाकिटं भरायला जायचंय.” एकदाच वाजवला, उठली, चप्पल घातली आणि गेली.

*

पहिल्यांदा त्याने केली ती चोरवाट. माणूस चोरवाट बघून ठेवतोच, सरळ वाट बंद झाल्यावर आठवली असं नंतर म्हणतो. ताई खालचं वाजवायची, आपण वरचं. मग कीबोर्डाच्या मध्यावर रेघ मारायची, खालचं सगळं तिचं. एका फटक्यात काम झालं. वाजवून बघितलं. बूम-चक, बूम-चक. असंच तर वाजवायची, तो स्वतःशी म्हणाला, आणि पाठवून दिलं.

संध्याकाळीच फोन आला. इतक्या लवकर तिचा फोन कधीच येत नसे.

“मामा, हे काय पाठवलंस?”

“आईचं.”

“हे आईचं नाही. हा कुणीतरी टेबल बडवतोय.”

“अगं, साथ अशीच असते. ठेका धरायचा, खालचे सूर—”

“मध्येच तिचा हात तुटल्यासारखा होतो. एखादी ओळ चढत येते आणि पुढे काहीच नाही. आई असं अर्धवट टाकायची नाही रे काही. भांडंसुद्धा अर्धवट घासायची नाही.”

त्याने पेनड्राइव्ह काढून पुन्हा बसवला.

“तुझ्याकडे नाहीये का ते?” तिचा आवाज एकदम खाली आला. “हरवलंस? खरं सांग. हरवलं असेल तर तसं सांग, मग मी परत विचारत नाही.”

परत विचारत नाही म्हणजे परत फोन करत नाही. हे त्याला कळलं, आणि ते ती मुद्दाम म्हणाली नव्हती हेही कळलं. मुद्दाम म्हणाली असती तर बरं झालं असतं.

“आहे,” तो म्हणाला. “दोघांचं एकात मिसळलंय. माझ्याच हातून. वेगळं करून देतो.”

“येईल वेगळं करता?”

“न यायला काय झालं?”

*

दुसऱ्या दिवशी मफलर आला. हा एक निवृत्त अधिकारी; बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून हिंडे, कारण कुणीतरी त्याला गळा जप म्हणून सांगितलं होतं. गळ्यात जपण्यासारखं काही नव्हतं, तो भाग वेगळा.

“काळी दोनवरून पांढरी दोनला आणा,” तो म्हणाला. “आणि लय जराशी कमी. दम लागतो.”

“मागच्या महिन्यात पांढरी तीनवरून काळी दोनला आणलं होतं. असंच उतरत राहिलात तर तळघरात गाल.”

“गाईन. ऐकायला बायको नसेल तिथे.” मफलर स्वतःच खो खो हसला, मग त्याची नजर स्क्रीनवर गेली. एकेका सुराला एक ठिपका; त्या ठिपक्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसत होतं. “हे काय?”

“घोडा. तुम्ही यायचात ना हॉटेलात.”

“अहो, यायचो म्हणजे! कुटुंबासकट यायचो.” मफलर खुर्ची ओढून बसला. “काय हात होता हो तुमचा! ती दौड! आमची ही म्हणायची, बोटं आहेत का शिवणयंत्र. तुमच्याबरोबर त्या कोण बाई असायच्या, खांबाच्या मागे...”

“माझी बहीण.”

“हां, त्या. त्याही वाजवायच्या ना काहीतरी?”

ट्रॅकवाल्याने “हो, काहीतरी” म्हटलं आणि पांढरी दोनचं काम हातात घेतलं. दौडीची स्तुती ऐकून मान आपोआप जराशी लवली होती. सवयच ती. त्याला तिची लाज वाटली नाही. तेव्हा वाटायचं काही कारण नव्हतं.

*

वेगळं करायची रीत त्याने शेवटी शोधली, आणि ती बरी होती. डोक्याला आठवत नसेल, हाताला आठवेल. घोडा त्याने हजार वेळा वाजवला होता. कीबोर्ड जोडला. फाइलची लय निम्म्यावर आणली. मिडीचं एक बरं असतं, लय कितीही उतरवा, सूर उतरत नाही. फाइल हळू चालू ठेवायची, तिच्यावर आपला हात आपला भाग वाजवील, तो शेजारच्या नव्या ट्रॅकवर नोंदला जाईल. जिथे नवा ठिपका जुन्या ठिपक्यावर बसेल तो जुना ठिपका आपला. तो उचलायचा, ‘मी’ नावाच्या ट्रॅकवर टाकायचा. उरेल ती ताई.

स्वतःला वेचून बाहेर काढायचं काम. तांदळातले खडे आपणच आहोत असं समजून बसायचं.

सुरुवातीचा भाग सुरेख गेला. हात आपणहून जागच्या जागी जात होते. आणखी एक खूण सापडली. प्रत्येक ठिपक्यामागे जोराचा आकडा असतो. त्याचे सगळे मोठे होते, कधी फार मोठे, कधी मध्येच पडलेले. ताईचे लहान आणि एकसारखे. तो ठोकायचा, ती ठेवायची. ही गंमत भाचीला सांगायची असं त्याने ठरवलं. कामात मजा येत होती. खोलीत कुणी आहे असं वाटत होतं. एकदा तर तो मोठ्याने म्हणाला, “ताई, इथे तू उशिरा आलीस बघ,” आणि मग उठून उगाच खिडकी लावली.

मग दौड आली.

हात वर गेले आणि थांबले.

त्याने मागे जाऊन पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. वय झालं, सांधे धरलेत, असं म्हणत त्याने लय आणखी उतरवली. मग आणखी. शेवटी ती इतकी संथ झाली की एका सुराकडून दुसऱ्या सुराकडे जाताना मध्ये नाक पुसता आलं असतं. हात तरीही उभेच. चुकत नव्हते. चुकायला निदान कुठेतरी जावं लागतं. हे कुठेच जात नव्हते. विसरलेला हात चाचपडतो. ज्याला मुळात ठाऊकच नाही तो हात असा उभा राहतो, परक्या घराच्या दारात राहावा तसा.

त्याने दौडीतल्या ठिपक्यांमागचे आकडे काढून बघितले. लहान. एकसारखे.

“नाजूक वाजवलं असेल,” तो म्हणाला. “भावनेने.”

उभ्या आयुष्यात त्याने काही नाजूक वाजवलं नव्हतं. त्याने स्क्रीनवर ती जागा मोठी करून बघितली. लहान आकड्यांच्या त्या सुरेख चढत्या ओळीखाली त्याचे आकडे होते, मोठे मोठे: शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबलेल्या, एक सूर सोडून दुसराच धरलेला, मग काही नाही, मग ओळ संपताना शेवटचा सूर, तो मात्र दणकट, अगदी टाळ्या मागणारा. आणि दौडीच्या आधीही कितीतरी जागी त्याच्या ठिपक्यावर तिचा ठिपका चढलेला, तोच सूर, केसभर आधी. तो चुकला तर असावा म्हणून. मुलाला सायकल शिकवणारा सीटमागे हात धरतो तसा. फक्त इथे हात कधी सुटलाच नव्हता.

दोन्ही कीबोर्डांचा आवाज एकच होता, स्पीकर एकच. बोटं पट्ट्यांवर फिरत होती, कानावर दौड येत होती. ती आपल्याच बोटांतून येते असं त्याला वाटलं. खरोखर वाटलं. खोटं बोलणाऱ्याला निदान ठाऊक असतं. हा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, फणा काढून डोलला, आणि बीळ आपणच खणलं असं समजत राहिला. खणणारी शेजारी बसून उद्याची पाकिटं आठवत होती.

खाली कॉम्प्रेसर थांबला. टायरवाला कुणाला तरी ओरडून सांगत होता, “अरे, हवा गेलीये नुसती, ट्यूब चांगली आहे!”

*

नंतर त्याने जे केलं ते सांगायलाच हवं. त्याने दौडीचे सगळे ठिपके उचलले आणि ‘मी’ वर टाकले.

कुणाला कळणार होतं? जुनी डिस्क मेली, ताई मेली, मफलरची साक्ष याच्या बाजूने. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने ‘मी’ वाजवून बघितला. काय वाजत होता! दौड आली आणि त्याची मान लवली. चहा घेतला, पुन्हा लावला. मग पुन्हा. दुपार अशी गेली.

मग भाचीला पाठवायचं म्हणून ताईचा ट्रॅक लावला. दौडीच्या जागी ती चढत आली, आली, आणि थांबली. बूम-चक. बूम-चक. टेबल बडवल्यासारखं.

फोनवर पोरीने हेच तर सांगितलं होतं. आई अर्धवट टाकायची नाही.

आता हिशेब सरळ होता आणि फार ओंगळ होता. भाची ‘तुझं नको’ म्हणाली होती. ‘मी’ हा ट्रॅक कुणाला जाणार नव्हता, या खोलीत पडून राहणार होता आणि एक दिवस या कॉम्प्युटरबरोबर मरणार होता. त्यात दौड ठेवणं म्हणजे ताईचं जे सगळ्यात चांगलं होतं ते पुसून टाकणं, आणि तेही एका निवृत्त अधिकाऱ्याच्या बायकोने कधीकाळी म्हटलेल्या वाक्यासाठी.

त्याने माउस हातात घेतला. मग शिवी दिली. कुणाला, ते त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. आणि एकेक ठिपका परत नेऊन ठेवायला लागला. सगळे एकदम उचलता आले असते, सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. त्याने एकेक नेला.

मफलर फाइल न्यायला आला तेव्हा त्याने सांगून टाकलं. “ती दौड माझी नव्हती. बहिणीची होती.”

मफलर आधी हसला, मग डोळे मिचकावले. “विनय! जुन्या लोकांत हेच असायचं. आमची ही म्हणायची—”

“विनय नाही हो. मला ती येतच नाही. बघा.” त्याने कीबोर्डावर हात ठेवले आणि वाजवून दाखवलं, म्हणजे वाजवता येत नाही ते दाखवलं.

“वय होतं, चालायचंच,” मफलर मायेने म्हणाला, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि पांढरी दोनमध्ये गुणगुणत जिना उतरला.

*

ताईची फाइल पाठवल्यावर दोन दिवस काही आलं नाही. रविवारी दुपारी फोन वाजला.

“मामा.”

“हं.”

“हे वरचं कुणाचं आहे?”

“कुठलं?”

“तुला माहितीये कुठलं. दौड. ती चुकून राहिलीय का यात?”

“नाही. ती तिचीच आहे.”

पलीकडे रस्त्यावरून एखादी गाडी गेली असेल, तिचा आवाज.

“सगळी?”

“शेवटचा सूर माझा आहे. तो काढलाय मी. म्हणून शेवट लटकल्यासारखा वाटेल.”

“तुला माहीत होतं?”

“नव्हतं. या आठवड्यात कळलं. हाताने सांगितलं.”

“आणि आईला?”

“तिला नसेल कसं? वाजवत ती होती.”

भाची हसली की काय झालं, त्याला नीट कळलं नाही. “मी खांबाच्या त्या बाजूला बसायचे,” ती म्हणाली. “दोन खुर्च्या जोडून. मला तिची पाठच दिसायची. टाळ्यांच्या आधी तिचे खांदे असे हलायचे, जोरात. मला वाटायचं, तिला रडू येतंय. मी तिला कधी विचारलं नाही मामा. लहान होते, भीती वाटायची, ती हो म्हणेल म्हणून.”

बोलण्यासारखं जे होतं ते पाठवून झालं होतं.

“आणि तू उठून वाकायचास,” ती म्हणाली.

“हो.”

“दरवेळी.”

“दरवेळी.”

“लाज वाटते का?”

“वाटते. उशिरा वाटून काय उपयोग म्हणशील, तर नाही उपयोग. पण वाटते.”

तिने फोन ठेवला असं वाटून त्याने कानावरून काढून बघितला. चालू होता.

“तुझं पण पाठव,” ती म्हणाली.

“माझ्यात काही नाही गं. भोकं आहेत नुसती. चुकलेलं आहे सगळं.”

“तेच पाठव. तिने काय काय झाकलं ते ऐकायचंय मला.”

पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मागितलेला हात दाखवायलाच हवा. त्यात त्याने काही दुरुस्त केलं नाही. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबलेल्या, त्या तशाच ठेवल्या.

“आली,” ती फोनवरच म्हणाली. “थांब, दोन्ही एकत्र लावते. तू फोन ठेवू नकोस, काही अडलं तर सांग.” फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली.

मग घोडा सुरू झाला. तिच्या यंत्राने पियानोऐवजी कुठलातरी घंट्यांचा आवाज धरला होता, लहान मुलांच्या खेळण्यात असतो तसला. त्याला सांगावंसं वाटलं, अगं, आवाज बदल, वरच्या कोपऱ्यात यादी आहे. त्याने सांगितलं नाही. किणकिणत दोघं चालले होते, एक ठोकत, एक ठेवत. दौड आली. घंट्यांत ती हास्यास्पद वाटत होती आणि एकही सूर चुकत नव्हता.

संपल्यावर तिने पुन्हा लावला. या वेळी मध्येमध्ये तिसरं कुणीतरी चाचपडत होतं. एक सूर, मग चूक, मग तोच सूर पुन्हा. भाची वाजवत होती. अडत होती. काय अडलं ते विचारत नव्हती. फोन टेबलावर आहे हे ती विसरली असावी.

त्याने खिडकी बंद केली, टायरवाल्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. मग पलंगाच्या कडेला बसला, फोन कानाला लावून. खोकला आला तो उशीत तोंड घालून खोकला.